क्रॉसओव्हर पद्धतीने घेतलेली औषधाची चाचणी दर्जेदार आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की सांगलीत बी. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहात. सादरीकरणासाठी मिळालेल्या पेपरात रक्तदाबाच्या २४ रुग्णांना अम्लोडिपिन आणि दुसरी एक गोळी आलटून पालटून दिली आहे (यालाच क्रॉसओव्हर म्हणतात), मध्ये आठवडाभर काहीच नाही. सर म्हणाले, २४ माणसांवरून काय कळणार? मी मिरजेत औषधशास्त्र शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२४ आकडा बघून पेपर बाजूला ठेवू नका. इथे प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्याशीच होते. समजा, एकाचं वरचं बीपी एका गोळीवर १५२ आणि दुसरीवर १४४ आहे. दुसऱ्याचं १७१ आणि १६३. दोन माणसांत १९ चा फरक, पण गोळीमुळे पडलेला फरक दोघांतही ८ च. माणसामाणसांतला तो १९ चा गोंधळ हिशेबातून निघून जातो. हाच प्रश्न दोन वेगळे गट करून सोडवायचा तर निदान दुप्पट रुग्ण लागतात, बहुतेकदा त्याहून बरेच जास्त. पण त्यासाठी विश्लेषणही जोडीनेच करायला हवं. लेखकांनी २४ विरुद्ध २४ असे दोन निराळे गट धरून टी-टेस्ट (दोन सरासरींतला फरक तपासायची संख्याशास्त्रीय कसोटी) लावली असेल, तर सगळी मेहनत पाण्यात गेली.

आता खरी मेख. माझं माहेर तासगावकडचं. हळद काढून त्याच रानात ऊस लावला आणि जोमात आला, की आमचे अण्णा नव्या खताचं कौतुक लगेच करत नसत. आधी म्हणत, "बेवड कशाचा होता ते बघा." मागच्या पिकाचा जमिनीत उरलेला गुण पुढच्या पिकाला लागतो. गोळ्यांचंही तसंच. पहिलीचा अंश शरीरात असतानाच दुसरी सुरू केली, तर कुठला गुण कुणाचा? मधला रिकामा काळ, म्हणजे वॉशआउट, त्यासाठीच ठेवतात.

अम्लोडिपिनचं अर्धायुष्य, म्हणजे शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, ३० ते ५० तास. पाच अर्धायुष्यं गेली की सुमारे ३ टक्के औषध उरतं, म्हणून साधारण तेवढं थांबायचा संकेत आहे. ५० तासांनी धरलं तर २५० तास, म्हणजे दहा दिवसांच्या वर. तुमच्या पेपरातला आठवडा म्हणजे १६८ तास. ज्यांच्या शरीरातून औषध हळू जातं, त्यांच्यात अजून दहाएक टक्के शिल्लक असणार. वयस्कर रुग्णांत तर जास्तच. तरी एवढ्यावरून पेपर फेटाळू नका. प्रत्येक गोळी किती आठवडे दिली आणि बीपी कधी मोजलं, ते शोधा. सहा आठवडे देऊन शेवटीच मोजलं असेल, तर तोवर आधीचा अंश निघून गेलेला असतो. दुसरी गोळी सुरू केल्यावर चार दिवसांत मोजलं असेल, तर मी तो निकाल मानणार नाही.

काही जुन्या पेपरांत आधी बेवडाची, म्हणजे पहिल्या गोळीचा गुण दुसऱ्या टप्प्यात उतरलाय का याची, संख्याशास्त्रीय कसोटी लावून, तो दिसला तर दुसऱ्या टप्प्याची आकडेवारी सोडून दिलेली आढळते. ही पद्धत संख्याशास्त्रज्ञ ग्रिझल यांनी १९६५ साली सुचवली. ती दिशाभूल करते हे फ्रीमन यांनी १९८९ साली दाखवलं. ती आजच्या पेपरात दिसली तर सादरीकरणात जरूर बोट ठेवा.

क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा ठरला का, आणि १२-१२ असा समतोल होता का, हेही बघा. थंडीत बीपी चढतं, उन्हाळ्यात उतरतं. सगळ्यांना पहिली गोळी जानेवारीत आणि दुसरी एप्रिलमध्ये दिली, तर दुसरी विनाकारण सरस ठरेल. निम्म्यांना उलट क्रमाने दिली तरच ऋतूचा वाटा वेगळा काढता येतो.

चाचणी भारतातली असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या औषधचाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, तिची नोंद उघडा. १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे. मुख्य निष्कर्ष म्हणून आधी काय ठरवलं होतं आणि पेपरात काय छापलं, हे शेजारी ठेवून वाचा. लेखकांनी काय काय सांगायलाच हवं, ते कन्सॉर्टच्या (चाचण्यांचे पेपर कसे लिहावेत याच्या मार्गदर्शक सूचनांच्या) २०१९ च्या क्रॉसओव्हर पुरवणीत मिळेल.

आणि सोडून गेलेले रुग्ण मोजा. इथे एक माणूस गेला की आख्खी जोडी जाते. २४ पैकी चार जण गळाले आणि चौघेही एकाच गोळीवर पाय सुजल्यामुळे गेले असतील, तर उरलेल्या वीस जणांची सरासरी त्या गोळीला उगाच चांगली दाखवेल. ते चौघे कुठल्या टप्प्यात, कुठल्या गोळीवर असताना गेले, हे पेपरात सापडलं नाही, तर सरांना ते आधी सांगा. २४ च्या आकड्याचं नंतर.