वाचकांचे प्रश्न : थंडीत कण्हणारे स्टिअरिंग

प्रश्न : मी कॅनडातील कॅलगरी शहरात राहतो. माझी २००८ सालची सेडान आहे आणि तिचे पॉवर स्टिअरिंग तेलाच्या दाबावर चालणारे, जुन्या पद्धतीचे आहे. गेल्या महिन्यात तापमान उणे २४ अंशांपर्यंत उतरले, तेव्हापासून सकाळी गाडी सुरू केली की पहिली तीन-चार मिनिटे कण्हल्यासारखा आवाज येतो. स्टिअरिंग वळवले की तो वाढतो आणि हाताला जडही लागते. रात्रभर ब्लॉक हीटर (इंजिन उबदार ठेवणारे विजेचे उपकरण) लावलेला असूनही हे होते. मध्यंतरी चिनूक वाऱ्याने हवा उबदार झाली, त्या दोन दिवसांत आवाज जवळजवळ नव्हता. महिनाभरात दोन वेळा, सकाळी निघण्यापूर्वी, स्टिअरिंग तेलाच्या टाकीत वरच्या रेषेपर्यंत तेल भरले. मिळून साधारण २०० मिलिलिटर लागले. गाडीखालच्या बर्फावर मात्र एकही डाग नाही. एका गॅरेजमध्ये संपूर्ण स्टिअरिंग रॅक (पुढची चाके वळवणारा भाग) बदलावा लागेल असे सांगितले. बदलावा का?
— एक वाचक, कॅलगरी

उत्तर : इतक्यात बदलू नका. तुम्ही दिलेल्या माहितीवरून रॅककडे बोट दाखवणारी एकही खूण अजून दिसत नाही, आणि तो सर्वांत खर्चिक भाग असल्याने त्याच्यावरचा संशय सर्वांत शेवटी घ्यावा, हे बरे.

आधी तेलाचा हिशेब करू. तापमान एका अंशाने उतरले की असे तेल साधारण ०.०७ टक्क्यांनी आकसते. तुमच्या गाडीत सुमारे एक लिटर तेल असेल आणि प्रवासानंतर ते ७० अंशांवर असेल, तर उणे २४ अंशांपर्यंत उतरताना त्याचे आकारमान ६० ते ६५ मिलिलिटरने घटते. अरुंद टाकीत एवढी घट डोळ्यांना चांगलीच मोठी वाटते. शिवाय टाकीवरची वरची रेषा बहुधा गरम तेलासाठी असते. तुम्ही गोठलेल्या सकाळी त्या रेषेपर्यंत तेल भरले, दुपारी ते तापून फुगले आणि जादा झालेले तेल झाकणाच्या बारीक छिद्रातून बाहेर आले, असे घडले असण्याची दाट शक्यता आहे. असे उतू गेलेले तेल टाकीच्या अंगावर आणि खालच्या पत्र्यावर पसरून धूळ धरते; जमिनीपर्यंत पोहोचत नाही. झाकणाभोवती आणि टाकीखाली कोरडे फडके फिरवून पाहा. ते चिकट, लालसर झाले तर ‘गळती’चा मोठा वाटा आपणच ओतलेल्या तेलाचा आहे असे समजावे. यापुढे गाडी वीस-पंचवीस मिनिटे चालवून झाल्यावरच, सपाट जागी, गरम रेषेवर पातळी पाहावी.

आता आवाजाविषयी. ब्लॉक हीटर इंजिनातले कूलंट तापवतो. स्टिअरिंगचा पंप, त्याची टाकी आणि पाइप यांना त्याची ऊब फारशी मिळत नाही. त्यामुळे इंजिन सहज सुरू होते, पण पंपाला मात्र बाहेरच्या थंडीतलेच तेल ओढावे लागते. ते किती घट्ट होते याची कल्पना यावी म्हणून एक आकडा देतो : डेक्स्रॉन-३ या परिचित प्रतीच्या तेलाला उणे ४० अंशांत २०,००० सेंटिपॉइजपर्यंत (हे घट्टपणा मोजण्याचे एकक) घट्ट होण्याची मुभा आहे, म्हणजे खोलीतल्या मधाहूनही घट्ट. असे तेल टाकीतून पंपापर्यंत पुरेशा वेगाने येत नाही, पंपाच्या पात्यांपाशी पोकळ्या तयार होऊन फुटतात, आणि ते कण्हणे ऐकू येते. एवढ्या थंडीत अर्धे-पाऊण मिनिट असा आवाज आला तर मी त्याला दोष म्हणणार नाही. तीन-चार मिनिटे मात्र जास्त आहेत, आणि त्याचे कारण बहुधा पंपाकडे तेल येण्याच्या वाटेवर आहे.

त्या वाटेवर दोन जागा तपासाव्यात. पहिली टाकीच्या तळाची जाळी. काही गाड्यांत ही जाळी टाकीतच बसवलेली असते आणि वर्षानुवर्षांच्या काळपट गाळाने बुजते. उन्हाळ्यात पातळ तेल तिच्यातून कसेबसे निभावते, हिवाळ्यात नाही. तेल काळे पडले असेल तर संशय आणखी बळावतो. दुसरी जागा म्हणजे टाकीकडून येणारा पाइप पंपाला जोडला जातो तेथील ओ-रिंग (सांधा बंद ठेवणारे रबरी कडे) आणि त्या पाइपाच्या क्लिपा. जुने रबर थंडीत ताठ होते, आकसते आणि फट पडते. गंमत अशी की इंजिन चालू असताना या बाजूला ओढ असते, दाब नसतो; त्यामुळे तेल बाहेर येण्याऐवजी हवाच आत जाते. बर्फावर डाग नसल्याचा आणि चिनूकच्या उबेत आवाज थांबल्याचा उलगडा यातून होऊ शकतो. खात्री करणे सोपे आहे : आवाज चालू असताना इंजिन बंद करून लगेच झाकण उघडा आणि विजेरीने आत पाहा. तेलावर साबणासारखा फेस असेल किंवा ते गढूळ गुलाबी दिसत असेल, तर हवा शिरते आहे. फेसाळलेले तेल फुगूनही उतू जाते, हेही वरच्या हिशेबात धरावे. ओ-रिंग काही डॉलरची वस्तू आहे.

बेल्टची शंका यायला नको, कारण घसरणाऱ्या बेल्टचा आवाज कण्हण्याचा नसून कर्कश किंचाळण्याचा असतो. तरीही बेल्टवर तेल उडालेले दिसले, तर पंपाच्या दांड्याचे सील गेले असे समजावे.

यानंतर रॅक. त्याच्या दोन्ही टोकांना घड्यांचे रबरी बूट असतात. आतले सील गळू लागले की तेल त्या बुटांत साठून राहते आणि बराच काळ खाली थेंब पडत नाही. म्हणून तुमच्या गॅरेजचा अंदाज अगदीच निराधार म्हणता येणार नाही, मात्र त्यांनी बूट दाबून पाहिले का, हे विचारा. दाबल्यावर आत तेल खुळखुळले तरच रॅकचा विचार करावा. दाबाच्या पाइपाचे सांधेही पाहावेत. तेथले तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडले तर आग लागू शकते, म्हणून तो दोष सापडल्यास गाडी चालवू नये.

ओ-रिंग बदलून झाल्यावर पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा सावकाश फिरवावे आणि पातळी राखत जावे, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. तेल कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच घालावे. गळती बुजवणारी बाटलीबंद औषधे मी सुचवत नाही. सकाळी पहिली काही मिनिटे स्टिअरिंग टोकापर्यंत वळवून धरून ठेवू नये.

प्रश्न : आमच्याकडे पारा ६ अंशांवर आला आहे. जुन्या पिकअपचे स्टिअरिंग सकाळी आवाज करते आणि तेल कमी झाले आहे. गावात ते तेल मिळत नाही. तोपर्यंत थोडे ब्रेक ऑइल टाकले तर चालेल का?
— एक शेतकरी वाचक, निफाड

उत्तर : मुळीच नाही. ब्रेक ऑइलने स्टिअरिंगमधली रबरी सील फुगून मऊ पडतात आणि मग पंपापासून रॅकपर्यंत सगळेच गळू लागते. ६ अंशांत तेल एवढे घट्ट होत नाही की थंडीला दोष द्यावा; तेल गेले आहे म्हणूनच आवाज येतो आहे. नाशिकला जाणाऱ्या कोणाकडून पुस्तिकेतल्या प्रतीचे तेल मागवावे. तोवर पातळी टाकीच्या खालच्या रेषेखाली असेल तर गाडी उभीच ठेवावी, आणि रात्री पुढच्या बाजूला खाली पुठ्ठा अंथरून सकाळी थेंब कोठे पडला ते पाहावे.