ब्लॉक हीटर खरोखर लागतो का? विनिपेगहून उत्तर

आपण येत्या ऑक्टोबरमध्ये नाशिकहून कॅनडातील विनिपेगला येत आहात. भाड्याच्या घराच्या करारात गाडी लावण्याच्या जागेसोबत विजेचा पॉइंट देऊ केला आहे आणि त्याचे दरमहा वेगळे पैसे सांगितले आहेत, तेव्हा तो घ्यावा का, असे आपण विचारले आहे. टोरोंटोतील मित्राची जुनी गाडी स्वस्तात मिळते आहे, ती आणावी का, हा आपला दुसरा प्रश्न. गाडी उघड्यावर उभी राहणार असेल तर पॉइंट अवश्य घ्यावा. गाडीला मात्र तिच्यात चालू स्थितीतला ब्लॉक हीटर, म्हणजे त्या पॉइंटच्या विजेवर थंड इंजिन तापवणारे साधन, आहे याची खात्री झाल्याखेरीज होकार देऊ नये.

येथे जानेवारीतले रात्रीचे सरासरी किमान तापमान उणे २१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि दर हिवाळ्यात उणे ३०च्या खाली जाणाऱ्या काही रात्री येतातच. अशा थंडीत इंजिनातील तेल मधासारखे दाट होते, त्यामुळे इंजिन फिरवायला एरवीपेक्षा कितीतरी अधिक जोर लागतो. नेमकी त्याच वेळी बॅटरी दुबळी होते, कारण तिच्या आतील रासायनिक क्रिया मंदावलेली असते. उणे १८ अंशांना पूर्ण भारलेल्या बॅटरीची ताकदही निम्म्याच्या आसपास उतरते. शिवाय पेट्रोलची वाफ नीट होत नाही. थंडीच्या सकाळी चोक ओढून, स्कूटर आडवी कलती करून मग किक मारणारी आपली पिढी हे तत्त्व जाणते, पण ते सारे दहा अंशांच्या थंडीतले उपाय होते. येथे बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक असल्याने चार माणसे बोलावून धक्का मारण्याचा आपला हुकमी उपायही चालत नाही.

ब्लॉक हीटर म्हणजे पाणी तापवण्याच्या रॉडचाच एक छोटा भाऊबंद. साधारणपणे तो इंजिनच्या ओतीव ठोकळ्यात, ज्या पोकळीतून कूलंट, म्हणजे इंजिन थंड राखणारे द्रव, फिरते तेथे बसवलेला असतो, आणि त्याची तीन पिनांची वायर पुढच्या जाळीतून बाहेर काढलेली असते. गाडी उभी केल्यावर ही वायर पॉइंटला जोडली की कूलंट तापते, त्याच्या उष्णतेने भोवतालचा धातू तापतो आणि त्यामुळे तेलही काहीसे सैल होते. म्हणूनच येथल्या गाड्यांच्या तोंडातून वायरी लोंबताना दिसतात. नव्याने आलेल्यांना या सगळ्या विजेवर चालणाऱ्या गाड्या आहेत असे वाटते, मलाही वाटले होते. या साधनाच्या जन्माशी येथून दक्षिणेला, सीमेपलीकडच्या ग्रँड फोर्क्स या नॉर्थ डकोटातील गावच्या अँड्र्यू फ्रीमन यांचे नाव जोडले जाते. त्यांच्या हीटरला १९४९ साली पेटंट मिळाले. त्यापूर्वी लोक रात्री इंजिनचे तेल काढून घरात ठेवत आणि सकाळी शेगडीवर गरम करून पुन्हा ओतत असत.

वापराबाबत सर्वांत मोठा गैरसमज असा की वायर रात्रभर जोडून ठेवावी लागते. लहान मोटारीचा हीटर बहुधा ४०० वॉटचा असतो, आणि तीन-चार तासांनंतर इंजिन जेवढे तापायचे तेवढे तापून चुकते, पुढची वीज निव्वळ बाहेरच्या हवेला ऊब देण्यात जाते. चार तासांना १.६ युनिट पडतात, तर रात्रीच्या दहा तासांना ४ युनिट. शंभर रात्रींचा हिशेब केला तर २४० युनिटांचा फरक होतो, आणि आपल्या घरी पंखा चालू राहिला म्हणून ओरडा खाल्लेल्या माणसाला तो सहन होण्यासारखा नाही. म्हणून बाहेर चालणारा टायमर घ्यावा आणि सकाळी साडेसातला निघायचे असेल तर तो साडेतीनला सुरू होईल असा लावावा. पार्किंगचा पॉइंट सामायिक असेल तर मात्र आधी चौकशी करावी, कारण काही इमारतींमध्ये वीज आळीपाळीने चालू-बंद केली जाते. तेथे आपला टायमर लावल्यास दोन्हींचा मेळ बसत नाही आणि गाडी थंडच राहते.

उणे १५ अंशांच्या खाली वायर जोडावी, असा येथील साधारण प्रघात आहे. बातम्यांमध्ये वाऱ्यासह जाणवणाऱ्या थंडीचा जो भयंकर आकडा सांगतात तो माणसाच्या कातडीसाठी असतो. वाऱ्याने इंजिन लवकर थंड होते, पण हवेच्या प्रत्यक्ष तापमानाच्या खाली ते जात नाही. तेव्हा निर्णय प्रत्यक्ष तापमान पाहूनच करावा.

आता माझा अनुभव, कारण तो आपल्या टोरोंटोच्या गाडीशी जुळतो. पहिल्या वर्षी मी कमी थंडीच्या प्रांतातून आलेली जुनी गाडी घेतली. जाळीतून वायर लोंबत होती, विकणाऱ्याने ‘हीटर आहे’ असे सांगितले आणि मी विश्वास ठेवला. डिसेंबरात उणे ३३ अंशांच्या एका सकाळी, रात्रभर वायर जोडलेली असताना, सेल्फ मारल्यावर इंजिन दोनदा कण्हले आणि मग नुसता टक्‌ असा आवाज येऊ लागला. नोकरीचा दुसरा आठवडा होता, टॅक्सीला पाऊण तास लागला. पुढे मेकॅनिकने दाखवले की हीटरची तार केव्हाच जळून तुटलेली होती, म्हणजे मी सारा महिना भक्तिभावाने एका मेलेल्या वायरीला वीज पाजत होतो. ही तपासणी अवघ्या एका मिनिटाची आहे. वायर भिंतीच्या पॉइंटमधून काढून तिच्या दोन चपट्या पिनांमध्ये मल्टिमीटर, म्हणजे विजेचा रोध मोजणारे यंत्र, लावावा. येथील १२० व्होल्टवर चालणाऱ्या ४०० वॉटच्या हीटरचा रोध ३६ ओहमच्या आसपास दिसला पाहिजे. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार किंवा वायर तुटलेली आहे, असे समजावे.

पॉइंटपासून गाडीपर्यंत नेण्याची वायरही जपून निवडावी. साधी प्लॅस्टिकच्या वेष्टणाची वायर थंडीत काठीसारखी ताठ होते आणि वाकवताच तडकते. म्हणून बाहेर व थंडीत वापरण्यासाठीची, अर्थिंगची तिसरी पिन असलेली, १४ किंवा १२ गेजची वायर घ्यावी. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड. भारतातून एक्स्टेन्शन बोर्ड आणावा का, असेही आपण विचारले आहे, तर आणू नये, त्याच्या पिना येथे बसत नाहीत आणि सामानाचे वजन मात्र वाढते. निघताना वायर काढायला विसरून गाडी हाकणे हा येथील नित्याचा प्रकार असल्याने मी जोडलेल्या वायरीचा एक वेढा ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशाला देतो.

हीटर असला तरी तो म्हाताऱ्या बॅटरीला तरुण करीत नाही, हे विसरू नये. बॅटरी चार-पाच वर्षांची झाली असेल तर हिवाळ्यापूर्वी तिची तपासणी करून घ्यावी, कारण उतरलेली बॅटरी गोठून फुटूही शकते. तेल गाडीच्या पुस्तिकेत चालत असेल तर ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-३० अशा, थंडीतही पातळ राहणाऱ्या वर्गाचे असावे. कूलंटमध्ये निम्मे ग्लायकॉल (गोठू न देणारे द्रव) आणि निम्मे पाणी असेल तर ते साधारण उणे ३७ अंशांपर्यंत टिकते. मात्र टोरोंटोत कोणी मध्येच साधे पाणी भरले असेल तर हे गणित बिघडते, म्हणून त्याचा गोठणबिंदू येथे आल्यावर मोजून घ्यावा.

घरातूनच बटण दाबून गाडी सुरू करण्याची सोय असेल तर हीटर कशाला, असे आपले मित्र म्हणतात. ती सोय बसण्याची जागा ऊबदार करते, पण इंजिन सुरू होण्यास तिची काहीच मदत नसते. उलट दाट तेल वर चढण्याआधीचे कोरडे क्षण, ज्यांत इंजिनची खरी झीज होते, ते तसेच राहतात. दोन्ही असल्यास आधी हीटर आणि मग बटण, हा क्रम योग्य. बंद गॅरेजमध्ये मात्र बटण मुळीच दाबू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

टोरोंटोहून येथवरचा रस्ता दोन हजार किलोमीटरांहून अधिक आहे आणि सुपीरियर सरोवराच्या उत्तरेकडून जातो, त्यामुळे गाडी आणायचीच असेल तर ऑक्टोबरातच आणावी. मित्राला आजच सांगून पुढच्या जाळीचा जवळून फोटो मागवावा. वायर दिसली नाही तर हीटर बसवण्याचा खर्च किमतीतून वजा करण्याविषयी बोलावे. वायर दिसली तर मीटर लावून आकडा विचारावा, आणि आकडा कळेपर्यंत पैसे पाठवू नयेत.