खोडरबर आणि दोनदा गेलेली रोकड

"मॅडम, तेरीज जुळली नाही की माझे हातपाय गळतात. चुकांच्या दुरुस्तीचं प्रकरण तर मला कधीच येणार नाही. कॉमर्स सोडू का?"

परीक्षा जवळ आली की हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी येतंच. या वेळी एक विद्यार्थिनी होती. (तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्स: सगळ्या खात्यांच्या नावे, म्हणजे डेबिट, आणि जमा, म्हणजे क्रेडिट, बाकींची यादी; दोन्ही बाजूंच्या बेरजा सारख्या आल्या की ती जुळली.) मी कॉमर्सचा विषय बाजूला ठेवला आणि वही मागितली. (समुपदेशनाकडे वळण्याआधी काही वर्षं हिशेब शिकवायचे, वही बघायची सवय काही जात नाही.) सगळं पेन्सिलीत, आणि खोडून खोडून पानांना भोकं पडलेली. फरक आला की ती अख्खं उदाहरण पुसायची आणि पहिल्यापासून मांडायची.

एक साधा व्यवहार दिला. नवं यंत्र बसवण्याची मजुरी 2,400 रोख दिली, ती चुकून मजुरी खात्याला नावे पडली. खरं तर ती यंत्राच्या किमतीत धरायची असते. हे तिला ठाऊक होतं. तिने दुरुस्ती लिहिली: यंत्र खाते नावे, रोख खाते जमा.

"रोकड किती वेळा दिली?"

"एकदाच."

"आणि तुझ्या वहीत?"

ती वहीकडे बघत राहिली. "दोनदा गेली."

मुळातली नोंद तिला छान येत होती. अडचण वेगळीच होती. खोडरबरच्या सवयीने ती मनातही चुकीची नोंद पुसून टाकायची आणि कोऱ्या पानावर लिहावी तशी नवी लिहायची. हिशेबाच्या पुस्तकात खाडाखोड चालत नाही. चुकलेली नोंद तिथेच राहते, आणि दुरुस्ती फक्त बिघडलेला भाग सावरते. रोख खातं बिघडलंच नव्हतं. यंत्र खाते नावे, मजुरी खाते जमा, 2,400. झालं. बरं, ही चूक तेरजेला दिसतही नाही, कारण दोन्ही बाजूंना 2,400च पडलेत. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असं ती धरून चालली होती. तेही तिथेच सैल झालं.

मग तिला आठवडाभर खोडरबर बंद आणि पेन सुरू. प्रत्येक चुकीसाठी तीन ओळी: काय लिहिलंय, काय लिहायला हवं होतं, फरक काय. पहिली ओळ गाळायची नाही, तीच ती नेमकी टाळायची.

तेरीज जुळली नाही तर घाबरून सगळ्या बेरजा पुन्हा मारण्याऐवजी आधी फरकाच्या आकड्याकडे बघायलाही सांगितलं. चूक सापडेपर्यंत हा फरक तात्पुरता सस्पेन्स खात्यात ठेवतात. त्याला 9 ने भाग गेला तर आकडे उलटे पडले असण्याची शक्यता असते: 630 ऐवजी 360 लिहिले की फरक 270. फरकाच्या निम्मी रक्कम कुठे दिसली तर ती भलत्या बाजूला गेली नाही ना, ते तपासायचं. या नुसत्या खुणा, खात्री नव्हे. पण घाबरलेल्या माणसाला कुठून सुरुवात करायची एवढं कळलं तरी पुरतं.

पुढच्या भेटीत वही गचाळ होती, काटछाट आणि बाणांनी भरलेली. मला बरं वाटलं. चुका कमी झाल्या होत्या असंही नाही. कॉमर्स सोडण्याचा विषय तिने काढला नाही, मीही नाही.

जाता जाता दारातून म्हणाली, "मॅडम, शेवटच्या उदाहरणात सस्पेन्स खात्यात अजून 90 उरलेत."

"मग?"

"9 ने भाग जातोय. घरी जाऊन शोधते."