झाडीपट्टीचं नाटक पहिल्यांदा पाहायला जाताना

भाऊ, दिवाळी सरली की झाडीपट्टीचा, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या नाटकांचा, हंगाम लागतो. मंडई (गावची जत्रा) किंवा शंकरपट (बैलांची शर्यत) असेल त्या गावी रात्री नाटक ठरलेलंच. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, तिथे तारखा कळतात. पत्रिकेवरची वेळ मनावर घेऊ नको. पडदा उशिरा उघडतो, सुटतं पहाटे. जेवून जा, ब्लँकेट घे.

खुर्चीचा सोस सोड, समोर खाली बस. पेटी-तबलेवाले तिथूनच दिसतात. वन्समोर आला की मरायला टेकलेला नायकही उठून पुन्हा गातो! हसू नको, बाजूची आजी पदराने डोळे पुसत असते. लावणीला शिट्ट्या मारणारी पोरं मला आवडत नाहीत, पण चालायचंच.

याच रंगभूमीच्या परशुराम खुणेंना २०२३ साली पद्मश्री मिळाली. विनोदी पात्राची झाडीबोली सुरुवातीला कळणार नाही. सोबत गावातला कोणी तरी ने.