नातवाचं ऑपरेशन लांबवावं का?

प्रश्न : नातू दीड वर्षाचा. रडला की ओठ निळे पडतात, चालताना मध्येच उकिडवा बसतो. डॉक्टरांनी 'फॅलोट' सांगितलं. मोठा झाल्यावर ऑपरेशन केलं तर? (एक आजी, चोपडा)

उत्तर : आजी, लांबवू नका. फॅलोट म्हणजे जन्मजात हृदयदोष: हृदयाच्या पडद्यात छिद्र असतं आणि फुप्फुसाकडची वाट अरुंद असते. उकिडवं बसलं की पायांकडचा रक्तप्रवाह अडतो आणि फुप्फुसाकडे जास्त रक्त जातं. पोरानं स्वतःच शोधलेला उपाय आहे हा! ऑपरेशनात हृदयाच्या पडद्यातलं छिद्र ठिगळ लावून बुजवतात, फुप्फुसाकडची अरुंद वाट मोकळी करतात. तोवर हार्ट-लंग मशीन रक्त फिरवतं. बाळ फारच अशक्त असेल तर आधी शंट, म्हणजे फुप्फुसाकडे जास्त रक्त नेणारी जोडवाट, घालतात. तो १९४४ साली बाल्टिमोरमध्ये पहिल्यांदा झाला.

तोपर्यंत आपल्या जळगावकडच्या उन्हात त्याला पाणी कमी पडू देऊ नका. निळा पडलाच, तर गुडघे छातीशी दाबून धरा आणि तडक दवाखाना गाठा. खर्चाचं अंगणवाडीत विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम या सरकारी योजनेत जन्मजात हृदयदोष येतात.