डीपीएफवाल्या डिझेल पिकअपसाठी इंजिन ऑइल आणि फिल्टर कसे निवडावेत? १५डब्ल्यू-४० चांगलं की ५डब्ल्यू-३०?

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की गाडी डिझेल पिकअप आहे, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा एक्झॉस्टमधला फिल्टर) आहे, मागे जवळजवळ रोज माल असतो आणि निम्मा रस्ता कच्चा, धुळीचा आहे. एक मेकॅनिक १५डब्ल्यू-४० घाला म्हणतो, दुसरा ५डब्ल्यू-३०. फिल्टर कंपनीचाच घ्यायचा की बाहेरचा चालेल, आणि ऑइल किती किलोमीटरला बदलायचं, हेही विचारलंय.

डिझेल पिकअप बरीच वर्षं वापरतोय आणि त्यांची देखभाल स्वतः बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या दोन्ही मेकॅनिकांचा वाद ग्रेडवरून, म्हणजे १५डब्ल्यू-४० सारख्या जाडीच्या आकड्यावरून, चाललाय. ग्रेड महत्त्वाचा आहेच, पण तुमच्या गाडीसाठी तो पहिला प्रश्न नाही. आधी ऑइलचं स्पेसिफिकेशन बघा, मग ग्रेड, आणि ब्रँड सगळ्यात शेवटी. आणि या तिन्हींइतकंच लक्ष एअर फिल्टरकडे द्या, कारण तुमच्या रस्त्यावर इंजिनचा खरा शत्रू धूळ आहे.

स्पेसिफिकेशन म्हणजे कॅनच्या मागे बारीक अक्षरांत असतं ते: एपीआय (अमेरिकेतली पेट्रोलियम संस्था) सीआय-४, सीके-४, एसीईए (युरोपातल्या वाहन उत्पादकांची संघटना) सी२, सी३, किंवा गाडीच्या कंपनीचा स्वतःचा मंजुरी क्रमांक. डीपीएफ असलेल्या गाडीत हे का महत्त्वाचं ते समजून घ्या. डिझेल जळताना काजळी होते, ती डीपीएफ अडवून ठेवतो. काजळी जळण्यासारखी असते, त्यामुळे ठरावीक वेळाने एक्झॉस्ट तापवून ती जाळून टाकली जाते. यालाच रिजनरेशन म्हणतात. पण प्रत्येक इंजिन थोडं का होईना ऑइलही खातं. ऑइलच्या ॲडिटिव्हमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त असे धातू असतात आणि ते जळल्यावर त्यांची राख उरते. ही राख कितीही तापवली तरी जळत नाही. ती डीपीएफच्या बारीक नळ्यांत साठत जाते आणि काजळीसाठीची जागा खाते. मग रिजनरेशन वारंवार होऊ लागतं, गाडी ओढत नाही, डिझेल जास्त लागतं, आणि शेवटी डीपीएफ काढून साफ करावा लागतो किंवा बदलावाच लागतो.

म्हणून डीपीएफच्या गाड्यांसाठी कमी राखेची ऑइलं आली. एपीआयच्या सीजे-४ मध्ये (२००६) सल्फेटेड राखेला (ऑइल जाळल्यावर किती राख उरते त्याचं माप) १ टक्क्याची मर्यादा घातली गेली आणि २०१६ च्या अखेरीस आलेल्या सीके-४ मध्येही ती कायम आहे. एसीईए सी३ मध्ये तर मर्यादा ०.८ टक्के आहे. त्याआधीच्या सीआय-४ ला अशी मर्यादाच नव्हती. आता दुकानात दोन कॅन शेजारी ठेवलेत असं समजा. दोन्हींवर मोठ्या अक्षरांत १५डब्ल्यू-४० आणि डिझेल इंजिन असं लिहिलंय. एक सीआय-४ आहे, दुसरा सीके-४. ग्रेड सारखाच, पण पहिला तुमच्या डीपीएफमध्ये राख भरणार. ‘१५डब्ल्यू-४० घाला’ हा सल्ला त्यामुळेच अर्धवट आहे, आणि ‘५डब्ल्यू-३० घाला’ हाही तितकाच.

आता ग्रेडकडे येऊ. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा. १५डब्ल्यूचं ऑइल उणे २५ अंशांपर्यंत पंपाला ओढता आलं पाहिजे, ५डब्ल्यूचं उणे ३५ पर्यंत. एवढी थंडी तुमच्याकडे पडत नसेल तर दोन्हींवर गाडी सुरू होईल. तरीही सकाळच्या पहिल्या काही सेकंदांत ५डब्ल्यू टर्बोपर्यंत लवकर पोचतं, हा फायदा उबदार हवेतही राहतो. नंतरचा आकडा १०० अंशांवरच्या जाडीचा आहे. मालवाहू गाड्यांचे लोक ‘तीस नंबर पातळ पडतं, लोडला टिकत नाही’ म्हणतात ते याच आकड्यावरून.

पण बेअरिंगमध्ये ऑइल १०० अंशांवर शांत बसलेलं नसतं. ते त्याहून तापलेलं आणि प्रचंड वेगाने दोन पृष्ठभागांच्या मध्ये चिरडलं जात असतं. त्यासाठी १५० अंशांवरची वेगळी चाचणी आहे, तिला एचटीएचएस म्हणतात. एसीईए सी३ दर्जाच्या ५डब्ल्यू-३० ला तिथे किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद (जाडी मोजायचं एकक) इतकी जाडी राखावी लागते. १५डब्ल्यू-४० साठी किमान मर्यादा ३.७ आहे. म्हणजे खऱ्या कामाच्या जागी दोघांतला फरक लोक समजतात तेवढा मोठा नाही. याउलट सी२ दर्जाचं ५डब्ल्यू-३० फक्त २.९ राखलं तरी पास होतं. सी२ आणि सी३, कॅनवर दोन्हीकडे ५डब्ल्यू-३०. भाराखाली मात्र वेगळी. इंजिन सी२ साठीच बनवलेलं असेल तर सी२ त्याला पुरतं, कारण त्याचा ऑइल पंप आणि बेअरिंगमधली फट त्या हिशोबाने ठेवलेली असते. तेव्हा गाडीच्या पुस्तिकेत सी२ असेल तर मनाने जाड करायला जाऊ नका आणि सी३ असेल तर सी२ घालू नका. एपीआयमध्ये एफए-४ नावाचा एक प्रकार आहे, तो मुद्दाम पातळ ठेवलेला असतो (एचटीएचएस २.९ ते ३.२). पुस्तिकेत एफए-४ लिहिलेलं नसेल तर त्याला हात लावू नका.

बऱ्याच पुस्तिकांत तापमानाचा तक्ता असतो आणि दोनतीन ग्रेड चालतात असं लिहिलेलं असतं. तुमच्या पुस्तिकेत कमी राखेचं ४० नंबर मान्य असेल, तर भरलेली गाडी आणि कडक ऊन हे बघता मी तेच घेईन. ५डब्ल्यू-४० मिळालं तर उत्तम, नाहीतर १५डब्ल्यू-४० सीके-४. फक्त ३० लिहिलं असेल तर तीस.

एक सावधगिरी. काही नव्या इंजिनांत टायमिंगचा किंवा ऑइल पंपाचा बेल्ट ऑइलमध्येच फिरतो. तिथे नेमक्या मंजुरी क्रमांकाचंच ऑइल लागतं. चुकीच्या ऑइलने त्या बेल्टचं रबर फुगतं, सुटतं, त्याचे तुकडे इंजिनाखालच्या ऑइल चेंबरमधल्या जाळीत अडकतात आणि ऑइलचा दाब जातो. तुमच्या इंजिनात असा बेल्ट आहे का हे आधी विचारून घ्या.

सिंथेटिक की मिनरल यावर मी फार वेळ घालवत नाही. ‘सिंथेटिक’ हा शब्द बराच सैल वापरला जातो. खनिज तेलावर जास्त प्रक्रिया करून बनवलेल्या ग्रुप ३ च्या तेलालाही सिंथेटिकच म्हणतात. चांगलं सिंथेटिक टर्बोच्या उष्णतेत कमी जळतं, हे खरं आहे. पण स्पेसिफिकेशन जुळत असेल तरच त्याला अर्थ. वरून टाकायच्या ॲडिटिव्हच्या बाटल्या घेऊ नका. तयार ऑइलचं रसायन तोलून केलेलं असतं आणि त्यात आणखी जस्त किंवा काही ओतलं की कमी राखेचा सगळा हिशोब बिघडतो.

कधी बदलायचं, तर पुस्तिकेत सहसा दोन अंतरं दिलेली असतात: साधा वापर आणि कठीण वापर. धूळ, भार, टोइंग, छोट्या फेऱ्या, तासन्‌तास उभ्या गाडीचं चालू इंजिन, हे सगळं कठीण वापरात मोडतं. तुमचा वापर निःसंशय कठीण आहे, म्हणून दुसरा, लहान आकडा पाळा. माल चढवताना-उतरवताना इंजिन चालू राहत असेल तर नुसते किलोमीटर फसवतात. काही पिकअप उत्पादक एक तास उभं चालू इंजिन म्हणजे सुमारे ४० ते ५० किलोमीटर धावणं असं धरतात. ऑइल काळं झालं म्हणून लगेच बदलायची मात्र गरज नाही. डिझेलमध्ये नवं ऑइलही थोड्याच दिवसांत काळं होतं, कारण काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

काळेपणापेक्षा पातळीकडे बघा. ऑइल मोजायच्या पट्टीवर (डिपस्टिक) ऑइल कमी होतंय हे सगळेच बघतात. वाढतंय हे कुणी बघत नाही. रिजनरेशनच्या वेळी अनेक इंजिनांत सिलिंडरमध्ये उशिरा जास्तीचं डिझेल सोडलं जातं. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइल चेंबरमध्ये जातं. रिजनरेशन मध्येच तुटत राहिलं, म्हणजे छोट्या फेऱ्या आणि लगेच इंजिन बंद, तर ऑइलमध्ये डिझेल साठतं, पातळी वर चढते आणि ऑइल पातळ होतं. पट्टीवर वरच्या खुणेच्या पलीकडे पातळी गेलेली दिसली, तर किलोमीटर कितीही झालेले असोत, ऑइल बदला आणि रिजनरेशन पूर्ण का होत नाही ते तपासून घ्या.

आता फिल्टर. ऑइल फिल्टर कंपनीचाच हवा असं नाही, पण ‘आटे जुळले, बसला’ एवढ्यावर घेऊ नका. आत एक बायपास व्हॉल्व्ह असतो: फिल्टर चोंदला किंवा ऑइल थंड-घट्ट असलं की तो उघडतो आणि न गाळलेलं ऑइल थेट बेअरिंगकडे जातं, कारण ऑइल नसण्यापेक्षा घाण ऑइल परवडतं. तो किती दाबाला उघडावा हे प्रत्येक इंजिनाचं वेगळं. काहींत तर तो फिल्टरमध्ये नसून ब्लॉकमध्ये असतो. बाहेरून सारखे दिसणारे दोन फिल्टर इथे वेगळे निघतात. दुसरा असतो परतीचा व्हॉल्व्ह, इंजिन बंद केल्यावर फिल्टरमधलं ऑइल खाली उतरू न देणारा. त्याचं साधं रबर उष्णतेने कडक होतं, सिलिकॉनचं जास्त टिकतं. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल तर सकाळी सुरू करताना काही सेकंद होणारी खडखड बऱ्याचदा याच व्हॉल्व्हमुळे असते.

गाळण्याच्या क्षमतेबद्दल नुसतं ‘२० मायक्रॉन’ लिहिलेलं असेल तर त्यातून काही कळत नाही. बीटा, म्हणजे किती कणांमागे एक पार जातो, तो आकडा बघा. २० मायक्रॉनला बीटा २ म्हणजे त्या आकाराचे निम्मे कण पार जातात. बीटा ७५ म्हणजे पंच्याहत्तरातला एक, म्हणजेच सुमारे ९८.७ टक्के अडतात. नावाजलेल्या उत्पादकाच्या कॅटलॉगमध्ये तुमच्या इंजिनासाठी दिलेला क्रमांक घ्या, खात्रीच्या ठिकाणाहून घ्या (नकली फिल्टर बाहेरून हुबेहूब असतात), आणि प्रत्येक ऑइलबरोबर बदला.

एअर फिल्टरबद्दल मात्र मी आग्रही आहे. धुळीतल्या वाळूचं क्वार्ट्झ हे लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या अस्तराच्या) ओतीव लोखंडापेक्षा कठीण असतं. ते पिस्टनची रिंग आणि लायनरच्या मध्ये शिरलं की जगातलं कुठलंही महाग ऑइल ते घासणं थांबवू शकत नाही. मी वापरलेल्या ऑइलचा नमुना अधूनमधून लॅबमध्ये तपासून घेतो. एकदा अहवालात सिलिकॉन (धुळीची खूण) आणि लोखंड (झिजेची खूण) दोन्ही एकदम वाढलेले दिसले. एअर फिल्टर तर नवा होता. शोधता शोधता फिल्टरबॉक्सनंतरच्या रबरी पाइपची क्लिप सैल निघाली; पाइपच्या आत बोट फिरवल्यावर बारीक धूळ हाताला लागली. गाडी चालवताना काहीही जाणवलं नव्हतं.

म्हणून फिल्टर बदलताना बॉक्सची स्वच्छ बाजू आणि पुढचा पाइप ओल्या फडक्याने पुसून बघा. तिथे धूळ दिसली तर कुठूनतरी ती फिल्टरला वळसा घालून येतेय. कागदी फिल्टरला जोरात हवा मारू नका; कागदाला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि काठाचं सील सुटतं. दर आठवड्याला उघडून बघायचीही सवय नको. थोडी धूळ बसलेला कागदी फिल्टर नव्यापेक्षा जास्त बारीक गाळतो, आणि दर उघडण्यात थोडी धूळ आत सांडते. धुळीचा रबरी व्हॉल्व्ह बॉक्सखाली असेल तर तो मात्र नेहमी दाबून मोकळा करा. तेल लावलेले कापडी ‘परफॉर्मन्स’ फिल्टर तुमच्या रस्त्याला अजिबात घेऊ नका. ते हवा जास्त सोडतात, पण धूळही जास्त सोडतात, आणि त्यांचं तेल हवेच्या सेन्सरवर बसतं.

डिझेल फिल्टरचं थोडक्यात सांगतो. कॉमनरेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून जास्त दाबाने डिझेल देणारी व्यवस्था) डिझेलचा दाब २००० बारच्या आसपास जातो आणि इंजेक्टरच्या आतल्या फटी दोनतीन मायक्रॉनच्या असतात. इथे स्वस्त फिल्टर घेणं परवडत नाही. खालचं पाणी वेळेवर काढा. नवा फिल्टर बसवताना त्यात वरून कॅनमधलं डिझेल ओतू नका, ते न गाळलेलं डिझेल थेट पंपाकडे जातं. हातपंपाने किंवा इलेक्ट्रिक पंपाने प्राइम करा, म्हणजे फिल्टर डिझेलने भरून हवा काढा.

बदलताना जुन्या ऑइल फिल्टरचं रबर इंजिनलाच चिकटून राहिलं नाही ना, हे आवर्जून बघा. दोन रबरं एकावर एक बसली की दाब आल्यावर ऑइल धारेने बाहेर पडतं. नव्या रबराला ऑइल लावा, टेकल्यावर फिल्टरवर लिहिलंय तेवढंच हाताने फिरवा, ड्रेन नटचा वॉशर नवा टाका. भरताना वरच्या खुणेच्या थोडं खाली थांबा. जास्त भरलं तर क्रँक त्यात घुसळते, फेस होतो आणि फेसाने बेअरिंगला वंगण मिळत नाही. मिनिटभर इंजिन चालवून बंद करा, सपाट जागेवर पाचदहा मिनिटं थांबून पट्टी बघा. जुनं ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये भरून गोळा करणाऱ्याकडेच द्या, गटारात किंवा मातीत नको. नव्या फिल्टरवर मार्करने तारीख, किलोमीटर आणि ऑइलचं पूर्ण स्पेसिफिकेशन लिहून ठेवा, म्हणजे मध्ये टॉप-अप करायची वेळ आली तर दुकानात ‘तीस नंबर द्या’ एवढंच सांगावं लागणार नाही.