लेकरांची किडनी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मुलांच्या किडनी आणि मूत्रमार्गाच्या आजारांवर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरांत औषधांचे डोस दिलेत ते तुम्हाला डॉक्टरांची चिठ्ठी वाचता यावी म्हणून. त्यावरून घरी औषध सुरू किंवा बंद करू नका.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा, वजन १५ किलो. सकाळी उठला की डोळे सुजलेले असायचे, दुपारपर्यंत सूज उतरायची. सासूबाई म्हणायच्या, ‘झोपीसन तोंड सुजनं.’ आठवड्याभरात पाय आणि पोटही सुजलं. तपासणीत नेफ्रोटिक सिंड्रोम (लघवीवाटे प्रोटीन वाहून जाऊन अंग सुजण्याचा आजार) निघाला. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झालेत, सूज गेली, लघवीही साफ आहे. तरी डॉक्टर तीन महिने म्हणतात. ओळखीतल्या एका मुलीला सहा महिने गोळ्या दिल्या होत्या. खरं किती दिवस द्यायच्या? आणि दुखणं उलटलं तर कळणार कसं? (अमळनेर)

उत्तर : तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. पहिल्या वेळी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड किलोमागे २ मिलिग्रॅम रोज, सहा आठवडे, म्हणजे तुमच्या मुलाला ३० मिलिग्रॅम. पुढे किलोमागे दीड मिलिग्रॅम दिवसाआड, आणखी सहा आठवडे. लघवी आठ-दहा दिवसांतच साफ होते, म्हणून पुष्कळ घरांत गोळ्या तिथेच सोडल्या जातात. तसं केलं तर आजार लवकर उलटतो. शिवाय इतके दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यामुळे शरीराने स्वतःचं बनवणं कमी केलेलं असतं, त्यामुळे एकदम बंद केल्यास मूल गळून जातं, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो.

सहा महिन्यांचा कोर्स पूर्वी दिला जायचा, कारण जास्त दिवस दिलं तर आजार कमी उलटेल असा समज होता. तो तपासायला दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने भारतातल्या पाच रुग्णालयांत मुलांचे दोन गट केले. एकाला तीन महिने, दुसऱ्याला सहा महिने औषध दिलं. २०१५ साली निष्कर्ष छापून आले : आजार उलटण्यात म्हणावा असा फरक नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या २३७ मुलांच्या अभ्यासात आठ आणि सोळा आठवड्यांची तुलना झाली, तिथेही तेच. जादा तीन महिन्यांत चेहरा गोल होणं, उंची खुंटणं, चिडचिड, रक्तदाब हे मात्र पदरात पडतं. म्हणून तीन महिन्यांच्या आत थांबू नका आणि पलीकडे ओढू नका.

आता उलटण्याचं. स्टेरॉइडने बऱ्या झालेल्या बहुतेक मुलांत हा आजार पुन्हा डोकं वर काढतो. सूज दिसते तोवर प्रोटीन कित्येक दिवस वाहून गेलेलं असतं, म्हणून सुजेची वाट पाहू नये. सकाळची पहिली लघवी घरी तपासा. औषध चालू असताना रोज. नंतर आठवड्यातून दोनतीनदा. सर्दी-ताप आला की पुन्हा रोज, कारण आजार बहुधा सर्दीच्या पाठीवरच येतो.

लघवीतलं प्रोटीन दाखवणारी पट्टी वापरत असाल तर ती लघवीत बुडवून लगेच काढा, कडेला निथळू द्या आणि बरोबर ६० सेकंदांनी डबीवरच्या रंगाशी जुळवा. दोन मिनिटांनी पाहिलेला रंग खोटा असतो. डबीचं झाकण उघडं राहिलं की पट्ट्या दमट होऊन निकामी होतात, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवल्या तरी खराब होतात. आतल्या, थंड, कोरड्या खोलीत ठेवा. माठाजवळ नको, फ्रीजमध्येही नको.

पट्ट्या परवडत नसतील तर उकळून बघण्याची जुनी पद्धत आजही चालते. काचेची परीक्षानळी दोन तृतीयांश भरा, चिमट्यात तिरकी धरून फक्त वरचा भाग गॅसवर तापवा. वर ढगाळ झालं आणि खाली निवळ राहिलं तर पांढऱ्या व्हिनेगरचे तीनचार थेंब टाका. ढग विरला तर ते क्षार होते, राहिला तर प्रोटीन. मग नळीमागे छापील कागद धरा. अक्षरं वाचता आली तर एक अधिक, अक्षरं जाऊन जाड काळ्या रेघाच दिसल्या तर दोन अधिक, रेघाही दिसेनाशा झाल्या तर तीन अधिक, आणि दही फाटल्यासारख्या गुठळ्या झाल्या तर चार अधिक. नळीचं तोंड मुलाकडे किंवा स्वतःकडे करू नका, उकळलेली लघवी उडते.

निकाल वहीत लिहा : तारीख, निकाल, वजन, गोळीचा डोस, ताप-सर्दी. सलग तीन दिवस तीन अधिक किंवा त्यापुढे आलं तर आजार उलटला समजून डॉक्टरांकडे जा. एकाच दिवशी आलं तर घाबरू नका, पण दुसऱ्या दिवशी तपासणी चुकवू नका. ही वही सोबत असली की पुढच्या भेटीत डॉक्टरांना अंदाजाने डोस ठरवावा लागत नाही.

सूज असेपर्यंत मीठ कमी. भाजीतलं मीठ सगळे कमी करतात, पण बिबडे, पापड, लोणचं आणि शेव ताटात तशीच राहते. वरण, दूध, अंडं नेहमीसारखं द्या. गोवर-रुबेला, कांजण्या यांसारख्या जिवंत लसी मोठा डोस चालू असताना देत नाहीत, न्यूमोकोकलची लस मात्र आवर्जून द्यायची. आणि सुजलेल्या मुलाचं पोट दुखून ताप आला तर ती अपचनाची गोष्ट समजू नका. पोटातल्या पाण्यात जंतू शिरलेले असू शकतात. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

हा आजार का होतो, यावर बरीच वर्षं अंधार होता. २०२४ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बर्गच्या संशोधकांनी दाखवलं की आजार जोरात असलेल्या आणि औषध सुरू न झालेल्या मुलांपैकी सुमारे ९० टक्क्यांच्या रक्तात ‘नेफ्रिन’विरुद्धची प्रतिपिंडं असतात. नेफ्रिन म्हणजे किडनीच्या गाळणीतल्या बारीक फटी सांभाळणारं प्रोटीन. म्हणजे शरीराचीच संरक्षणयंत्रणा गाळणीवर उठते. झोपेमुळे, दृष्टीमुळे किंवा आईच्या खाण्यामुळे हे होत नाही, एवढं सासूबाईंना जरूर सांगा.

प्रश्न : दहा महिन्यांच्या मुलीला तीन दिवस १०३ ताप, खोकला-सर्दी काही नाही. लघवीला पिशवी लावून नमुना दिला. कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत) ‘मिक्स ग्रोथ’, म्हणजे अनेक जातींचे जंतू, आलं. इन्फेक्शन आहे की नाही? (शहादा)

उत्तर : या अहवालावरून ‘आहे’ही म्हणता येत नाही आणि ‘नाही’ही. चिकटवलेल्या पिशवीत कातडीवरचे आणि शीचे जंतू उतरतात, म्हणून पिशवीतली लघवी कल्चरला पाठवायची नाही. पिशवीतली साधी तपासणी स्वच्छ आली तर इन्फेक्शनची शक्यता कमी, एवढाच तिचा उपयोग.

नमुना असा घ्या. जागा साध्या पाण्याने धुवा. दूध पाजून वीसेक मिनिटं झाली की बाळाला उताणं झोपवा आणि थंड सलाइनमध्ये भिजवलेली गॉझ ओटीपोटावर गोल गोल फिरवत राहा. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये हे तपासलं गेलं : पाच मिनिटांत लघवी होणाऱ्या बाळांचं प्रमाण १२ वरून ३१ टक्क्यांवर गेलं. पहिली धार सोडून मधली निर्जंतुक डबीत झेला. बाळ फार आजारी असेल तर वाट न पाहता नळी घालूनच नमुना घ्यावा. क्षणभर रडतं, पण अहवालावर विसंबता येतं. नमुना प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसाआधी घ्यायचा. एक डोस गेला तरी कल्चर कोरं येऊ शकतं.

इथे सगळ्यात मोठी गडबड वाटेत होते. ई. कोलाय हा जंतू अनुकूल उबेत वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. धडगावहून नंदुरबारला एसटीने डबी पिशवीतून नेली तर थोडेसे जंतू पोचेपर्यंत लाखात जातात. तासाभरात पोचणार नसेल तर डबी बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवा. चार अंशांवर २४ तास चालते. मधल्या धारेच्या नमुन्यात एकाच जातीचे मिलिलिटरमागे लाखभर जंतू आले तर इन्फेक्शन धरतात.

इन्फेक्शन पक्कं झालं तर सोनोग्राफी लागेल. कधी लघवी मूत्राशयातून उलटी किडनीकडे चढते, याला रिफ्लक्स म्हणतात. अशा मुलांना रोज रात्री प्रतिजैविकाचा छोटा डोस द्यावा का, यावर अमेरिकेतला ६०७ मुलांचा अभ्यास २०१४ मध्ये आला. दोन वर्षांत पुन्हा इन्फेक्शन होण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं, पण किडनीवर नवे व्रण पडायचे थांबले नाहीत. म्हणून सौम्य रिफ्लक्सला सरसकट वर्षानुवर्षं गोळी देऊ नये असं आमचं मत. कारण नसलेल्या तापात ४८ तासांच्या आत लघवी तपासून घेणं, हेच किडनी वाचवतं.

प्रश्न : मुलीची किडनी पन्नास टक्के चालते. केळी बंद सांगितली. आमच्या घरी केळीचाच बाग. शहाळं चालेल ना? (रावेर)

उत्तर : शहाळं नकोच. सोललेल्या शंभर ग्रॅम केळ्यात सुमारे ३५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, भरल्या शहाळ्यात त्याहून जास्त. ‘किडनी साफ करतं’ म्हणून नातेवाईक आणून देतात, आणि किडनी कमजोर असेल तर पोटॅशियम चढून हृदयाचे ठोके बिघडतात. ‘लो सोडियम’ मीठही नको, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. पण केळी कायमची बंद करायची की नाही ते रक्तातल्या पोटॅशियमवर ठरतं. ते ठीक असेल तर अर्धं केळं अधूनमधून चालेल का, हे डॉक्टरांना थेट विचारा. बटाटा सोलून, पातळ कापून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकलं की बरंच पोटॅशियम निघून जातं. नेफ्रोटिक झालेल्या, पण क्रिएटिनिन (किडनी किती चालते ते दाखवणारा रक्तातला घटक) ठीक असलेल्या मुलांची केळी बंद करायचं कारण नाही.

प्रश्न : आश्रमशाळेतला नऊ वर्षांचा मुलगा सिकलसेलचा आहे. रोज अंथरूण ओलं करतो. संध्याकाळी पाणी बंद केलं तर बरं का? (अक्कलकुवा)

उत्तर : नाही, गुरुजी. एरवी अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांना रात्री पाणी कमी देतात, पण तो नियम या मुलाला लावलात तर त्याला दवाखान्यात न्यावं लागेल. किडनीच्या आतल्या भागात प्राणवायू कमी आणि क्षार जास्त. तिथे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या बुजवतात. परिणामी लघवी घट्ट करण्याची किडनीची ताकद जाते. पाणी प्यालं नाही तरी पातळ लघवी भरपूर होतच राहते, शरीर कोरडं पडतं आणि कोरडेपणाने वेदनेचा झटका येतो.

म्हणून ‘लघवी पांढरी आहे, म्हणजे पाणी पुरेसं’ ही खूण सिकलसेलच्या मुलात फसवी आहे. जीभ, डोळे आणि प्यालेले पेले बघा. पंचवीस किलोच्या मुलाला दिवसाला किमान दीड लिटर, उन्हाळ्यात दोन लिटरच्या पुढे, तेही थोडं थोडं. त्याची बाटली बाकावर राहू द्या, वर्गातून केव्हाही लघवीला जाऊ द्या, रात्री दोनदा उठवा. इतर मुलांसमोर बोलू नका.

हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलवरचं औषध लवकर सुरू केलं तर लघवी घट्ट करण्याची ही ताकद काही अंशी टिकते, असं अमेरिकेतल्या ‘बेबी हग’ अभ्यासातल्या लहान बाळांत दिसलं. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर एकही दिवस चुकवू नका. दहाव्या वर्षापासून वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रोटीन) तपासा. लघवी लाल झाली तर त्याच दिवशी दाखवा. अंगदुखीवर दुकानातून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणून देऊ नका. कोरड्या पडलेल्या किडनीला ती बाधतात.

प्रश्न : आठव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाची डावी किडनी ८ मिलिमीटर सुजलेली दिसली. ऑपरेशन लागेल? (साक्री)

उत्तर : एकाच बाजूची एवढी सूज बहुतेक बाळांत आपोआप उतरते. जन्मल्यावर पहिल्या दोन दिवसांत सोनोग्राफी करू नका. तेव्हा लघवीच कमी बनते, त्यामुळे सूज नाही असं खोटंच दिसतं. तिसऱ्या ते सातव्या दिवसात करा, मग चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा. मात्र मुलगा असून दोन्ही किडन्या सुजलेल्या आणि मूत्राशयाची भिंत जाड असेल, तर लघवीच्या वाटेत पडदा असण्याची शक्यता असते. अशा वेळी बाळंतपण मुलांचे सर्जन असलेल्या ठिकाणीच करा आणि सोनोग्राफी पहिल्या दिवशीच करून घ्या. लघवी लांब धारेने होते की थेंबथेंब गळते, हे बाळाचे कपडे बदलणाऱ्या बाईला मुद्दाम बघायला सांगा आणि ते डॉक्टरांच्या कानावर घाला.